एका गाठीचं माप

मापाच्या सुतळीची गाठ खिळ्यावरून लोंबत होती. एकच गाठ. वाऱ्याने सुतळी हलली की ती भिंतीवर हलकेच आपटे, आणि प्रेमलाच्या मनात येई, हिला जोडीला आणखी एक गाठ हवी होती... तीन बोटं अलीकडे.

“पाय लांब कर जरा,” तिचा नवरा सुमंत म्हणाला. ती रेलून बसली होती त्या अर्धवट सायकलीपाशी तो अंगणात उकिडवा बसला होता, हातात पाना, कपाळावर ग्रीसचा पट्टा. तिने पाय लांब केला. डावा पाय लांब करायचा म्हणजे काय करायचं, हे तिला लहानपणच्या तापात तो आखूड राहिल्यापासून ठाऊक होतं – चवडा ताणायचा, टाच उचलायची, पोटरी आवळून धरायची आणि चेहरा मोकळा ठेवायचा. चेहरा सगळ्यात महत्त्वाचा.

ही सायकल म्हणजे तिच्याचसाठी चाललेला खटाटोप. तांगेवाल्याने घोडं विकल्यापासून ती कन्याशाळेत चालत जाई, आणि दुपारी फळ्यापाशी उभं राहवत नसे. दिवाळीनंतर नोकरी सोडते, असं तिनेच सांगून टाकलं होतं.  सुमंतच्या हायस्कुलाच्या वाचनालयात, कुठल्याशा विलायती मासिकात, त्याला एक फ्रेंच माणूस सापडला – मागे रेलून, पाय पुढे पसरून सायकल चालवणारा – आणि मग महायुद्ध संपल्यावर भिंगारच्या छावणीत लिलावाला निघालेल्या लष्करी भंगारातून नळी आली, दोन जुन्या सायकली मोडल्या, घरातल्या वेताच्या खुर्चीचे पाय कापले गेले. विज्ञान शिकवणारा माणूस. जगातली प्रत्येक अडचण शेवटी कुठल्यातरी सैल बोल्टपाशी येऊन थांबते, अशी त्याची श्रद्धा होती.

दूध घालायला आलेली साळूबाई कासंडी खाली ठेवून बघत राहिली.

“मास्तर, ही सायकल हाय का बाज? बाईस्नी निजवून शाळंत धाडता व्हय?”

“निजवून नाही, बसवून,” सुमंत हसून म्हणाला.

“लई बेस. येताना आमच्या म्हातारीला बी घिऊन या.” ती गेली. प्रेमलाही हसली होती. चांगलं हसली होती, वेळेवर.

त्याने पुन्हा खुर्ची पुढे सरकवली. आता उजवा गुडघा पोटाशी येऊ लागला. खुर्ची मागे घेतली, तर डावा चवडा पायडलवरून निसटला. पुढे, मागे, पुन्हा पुढे... मघाशी सायकल गल्लीत चार हात गेली तीही अशीच, डावीकडे ओढत, गटाराच्या कडेपर्यंत. सुमंतने सुतळी आणून पुन्हा मोजलं. कमरेपासून उजव्या पावलापर्यंत – गाठ. डाव्या, ताणलेल्या पावलापर्यंत – तीच गाठ. ती सुतळी लावलेल्या पायाकडे बघत होती, जणू तो दुसऱ्याच बाईचा पाय होता.

आणि होताच तो दुसऱ्या बाईचा, तिच्या मनात आलं. मी चालते तेव्हा ती माझ्या पातळाखाली टाच उचलून चालते. नऊवारीत घोटे उघडे पडतात म्हणून वडिलांनी मला पायघोळ गोल पातळ नेसायला लावलं, आणि गल्लीने मला सुधारक ठरवलं. “पोरगी किंचित लचकते,” एवढंच बोलणी करताना ते म्हणाले; सुमंतने मान हलवली आणि विषय सुपारीवर गेला. लग्नाला वर्ष झालं. दिवा मालवल्याशिवाय मी कधी पाय पसरले नाहीत... मालवल्यावरही चवडा ताणलेलाच. झोपेत काय होतं, ते मात्र मला माहीत नाही.

“माप बरोबर आहे,” सुमंत स्वतःशीच म्हणाला, “म्हणजे माझंच चुकलंय. नळी वाकडी जोडली गेली.” त्याने नळीवरून बोट फिरवलं. “कापावी लागेल.”

“अहो, पण...”

“दुसरी नळी मिळणं कठीण. बघू.” तो आत गेला आणि करवत घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शाळेतला प्रयोग फसला की येई तसा ओशाळेपणा होता, आणि तो बघताना तिला प्रथमच त्याची कीव आली. कीव आली याची लाज वाटली. करवतीचे दात नळीला लागले. खर्र... एक बारीक चमकती रेघ उमटली.

“थांबा,” ती म्हणाली.

तो थांबला. तिने पातळ घोट्याच्या वर ओढून घेतलं. मग पोटरी सोडली. सोपं नव्हतं ते. वर्षानुवर्षं आवळलेली मूठ सैल करताना बोटं ऐकत नाहीत, तसं झालं. हळूहळू टाच खाली आली, चवडा मागे आला, आणि पाऊल आणि पायडल यांच्यामध्ये नुसता उजेड राहिला. उन्हाचा सरळ, रिकामा तुकडा.

सुमंतने त्याकडे पाहिलं. तिच्याकडे पाहिलं नाही. करवत खाली ठेवून त्याने त्या उजेडात बोटं घातली.

“तीन बोटं,” तो म्हणाला. नळी, चेन, खुर्ची यांची मापं ज्या आवाजात सांगे त्याच आवाजात. “पायडलला लाकडी ठोकळा बसवू. बाभळीचा आहे तुकडा.” आणि तो तुकडा शोधायला परसात गेला.

ती तशीच रेललेली राहिली. तो विचारेल, दुखावेल, निदान गप्प बसेल – कितीतरी वर्षं तिने उत्तरं तयार ठेवली होती, आणि आता ती कुणालाच नको होती. इतकंच होतं तर? बाभळीचा एक तुकडा? सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटला तो राग, आणि तो नेमका कुणावर हे ठरेना. खाली डावी पोटरी आपोआप थरथरत होती. ती थांबवायची कशी, ते तिला माहीत होतं. तिने थांबवली नाही.