गुडघ्यातलं पाणी

हेरंबच्या गुडघ्यातलं पाणी डॉक्टरांनी काढलं, त्याच संध्याकाळी तो दिल्लीतल्या माझ्या द्वारकामधल्या फ्लॅटमध्ये बैठका मारून दाखवत होता. "बघ ताई, बिल्कुल दुखत नाही. घाण निघून गेली."

माझा हा धाकटा भाऊ निमलष्करी दलात अधिकारी व्हायला दिल्लीत आला होता. लेखी परीक्षा पार पडली होती, धावणं आणि लांब उडी बाकी. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी. आणि नेमका सरावात गुडघा पिळवटून आतला, हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट तुटला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन. हा म्हणाला, उडीनंतर. पुण्याहून आईने फोनवर त्याचीच री ओढली, "दुखत नाही ना? मग देवाचे आभार मान."

मला संताप आला. मी प्रयोगशाळेत गुडघ्यातलं पाणीच तपासते. डॉक्टरांना विचारून त्याच्या पाण्याचीही नळी नेली. एन्झाइमचा आकडा पाहिला, इतका जास्त की विश्वास बसेना, पुन्हा तपासलं. तोच आकडा.

तुटलेला भाग साफ करायला शरीर एन्झाइम सोडतं. पडकी भिंत उचलायला आलेल्या मजुरांनी उभी भिंतही पाडायला घ्यावी, तसं कधीकधी होतं. लिगामेंटची टोकं विरघळवून ही एन्झाइम आता हाडांवरची मऊ कूर्चा खात होती. कूर्चेला नसा नसतात, त्यामुळे ती दुखत नाही.

"पाणी गेलं, पण गुडघा खाणारं आतच आहे," मी म्हटलं. "उडी मारू नकोस."

"यार ताई, नळीतला गुडघा तुझा, हा माझा."

झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कोण उठवणार! तरी मी मैदानावर गेले. त्याला घरी आणायला कुणीतरी हवं होतं.

तो वेळेत धावला. उडीही चांगली लांब गेली. उतरताना पाऊल वाळूत रुतलं आणि गुडघा बाजूला सरकला. मला ते कुंपणापलीकडून दिसलं. पंचाने पास म्हणून हात वर केला, पण हेरंब उठला नाही.

मी आत धावले. "दुखतंय?"

"नाही." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने माझा हात धरून गुडघ्यावर ठेवला. जरा हलवताच आत काहीतरी खरखरलं.

"ताई, आत किती उरलंय गं?"

आयुष्यात पहिल्यांदा मला त्याच्याशी खोटं बोलावंसं वाटलं.