पलीकडचा हॉर्न

"मन कसं असतं हल्ली?" नर्सने विचारलं.

"वाईट नाही," ओरेस्ट म्हणाला.

"झोप?"

"वाईट नाही."

"उगाच रडू येतं, कशातच गोडी वाटत नाही, असं काही?"

माझा नवरा खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत म्हणाला, "तक्रार नाही."

मला राहवलं नाही. "अगं ग्वेन, काल जेवता जेवता रडला हा. ताटात टपटप पाणी."

"कांदा होता," ओरेस्ट म्हणाला.

ग्वेन हसली. आमच्याच नदीकाठच्या शेतकऱ्याची लेक ती, शहरात येऊन नर्स झालेली. तिने त्याला काट्यावर उभं केलं. वजन आणखी उतरलं होतं. "शाब्बास, ओरेस्टकाका! सगळ्या पेशंटमध्ये पहिला नंबर तुमचा," ती म्हणाली, आणि आम्ही सास्काटून शहरातून घरी परत निघालो.

आमच्या मुलखात "वाईट नाही" या दोन शब्दांवर माणूस आख्खा जन्म काढतो. गारांनी उभा गहू झोडपून काढला तरी वाईट नाही, पोरीला जुळं झालं तरी वाईट नाही. आमचं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून तेच म्हटलं होतं, आणि सासूने नंतर हळूच सांगितलं की एवढं कौतुक त्यांनी आजवर कुणाचं केलेलं नाही. या मुलखात वाढलेल्या ग्वेनला ओरेस्टचं उत्तर पटलं, यात तिचा तरी काय दोष?

गोळ्या त्याने स्वतःहून घेतल्या होत्या. गुडघे बोलत होते, रक्तात साखर वाढली होती, आणि शहरातल्या दवाखान्यात वजन उतरवणाऱ्या नव्या औषधाची चाचणी चालली होती. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना नुसतीच पांढरी. कुणाला कुठली, ते डॉक्टरलाही ठाऊक नाही. "साखरेची गोळी मिळाली तर माझीच साखर मला परत," असं म्हणून हा भोपळ्यासारखं पोट हलवत हसला होता.

खरी गोळी मिळाली हे मला चुलीपाशी कळलं. ओरेस्ट जेवताना गुणगुणायचा. बटाट्याचे पिरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्याच, वर परतलेला कांदा आणि आंबट साय, की याच्या नाकातून सूर निघालाच. नाताळपर्यंत तो सूर बंद झाला. भूक गेली ते ठीक, त्यासाठीच तर गोळी होती. पण त्याबरोबर पत्त्यांचा डाव गेला, रेडिओ गेला, नातवाचा फोन आला की "तूच बोल" सुरू झालं. चर्चच्या सभागृहात सगळ्यांनी मिळून जेवायचं असतं, तिथे बायका त्याच्या सैल झालेल्या कोटाला हात लावून लावून बघत. "स्टेफा, नवरा पुन्हा नवरदेव झाला की गं तुझा!" मी हसायचे. दुसरं काय करणार होते?

मे महिन्यात बर्फ वितळून नदी मोकळी झाली आणि ओरेस्टची फेरीबोट सुरू झाली. या काठापासून त्या काठापर्यंत पोलादी दोर, त्याला धरून चालणारा सपाट तराफा, त्यावर सहा मोटारी मावतात. पूल इथून फार लांब आहे. पलीकडे कुणी आलं की ते हॉर्न वाजवतं आणि ओरेस्ट त्यांना आणायला जातो. त्याचं सगळं आयुष्य म्हणजे एवढंच, जाऊन आणणं.

पहिल्याच सकाळी पलीकडून हॉर्न वाजला. मी त्याचा डबा घेऊन काठावर आले होते. ओरेस्ट कठडा धरून उभा होता. हॉर्न पुन्हा वाजला, तसा तो फळ्यांवर खाली बसला.

"स्टेफा, तो अजून आत आहे," तो म्हणाला.

आत कुणीही नव्हतं. जो होता तो फार वर्षांपूर्वी गेला. फेरीवर उभ्या ट्रकचा ब्रेक सुटला, फेरीच्या तोंडाशी अडवायला लावलेली पुढची साखळी तुटली आणि भर प्रवाहात ट्रक नदीत उतरला. म्हाताऱ्या चालकाचा हात हॉर्नवर दाबला गेला होता. पाणी वर येईपर्यंत तो वाजत राहिला. ओरेस्टने उडी मारली, दाराशी झटापट केली, दार उघडलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस हॉर्न ऐकला की हा पांढराफटक पडायचा. पण कामावर जात राहिला. रोज हॉर्न वाजायचे, रोज काहीच वाईट घडायचं नाही, आणि हळूहळू हॉर्न नुसता हॉर्न झाला. पुढे पुढे तर तो ओरडायचा, "येतो रे बाबा! विमान नाही माझ्याकडे!"

मी त्याला त्याच दिवशी शहरात नेलं. ग्वेनने तोच प्रश्न विचारला, याने तेच उत्तर दिलं. या वेळी मी टेबलावर हात आपटला. "खोटं बोलतोय हा! डॉक्टरला बोलाव."

डॉक्टर तरुण होता, लिंडग्रेन नावाचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, कुठेतरी फोन केला, आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"खरीच गोळी होती," तो म्हणाला. "बाई, मेंदू स्वतःच भांगेसारखा एक पदार्थ तयार करतो. थोडा थोडा, लागेल तेव्हा."

"याच्या डोक्यात भांग? हा तर बिअरसुद्धा अर्धी ठेवतो!"

"तुमच्याही डोक्यात आहे. माझ्याही. भूक त्याने लागते, खाल्ल्याचं सुख त्यानेच वाटतं. घाबरलेलं मन तोच शांत करतो. ही गोळी त्याच्या कुलपात जाऊन बसते, मग त्याची किल्ली लागत नाही. आणि भीती विसरायलाही तोच लागतो. उंदरांना ही गोळी दिली की जुनी भीती त्यांची पाठ सोडत नाही. माणसांचं आम्हाला अजून नीट कळलेलं नाही."

"आता कळलं ना?" मी म्हणाले. ओरेस्टने माझ्या हातावर हात ठेवला.

गोळी बंद झाली. आधीचा ओरेस्ट कधी परत येईल, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. हॉर्न ऐकू द्या. काही होत नाही, हे मेंदूला नव्याने शिकू द्या.

पण हॉर्न वाजवणार कोण? गावाला सगळं कळलं होतं आणि गाव मायाळू. पलीकडे मोटारी येत आणि गुपचूप उभ्या राहत. ऊन असो, डास असोत, कुणी चकार शब्द काढत नसे. ओरेस्ट दिवसभर त्या काठाकडे टक लावून बसायचा, कुणी ताटकळू नये म्हणून. घरी यायचा तेव्हा त्याचे डोळे लाल झालेले असायचे.

मी शेजारच्या वासिलला म्हटलं, "अरे, वाजव हॉर्न. डॉक्टरनेच सांगितलंय."

"माझ्याने नाही होणार, स्टेफा," तो म्हणाला. "एकदा हात नेला होता. तो तिथून माझ्याकडेच बघत होता गं."

मग काल मीच गाडी घेऊन त्याच्या फेरीने पलीकडे गेले. उगाच दुकानात फिरले, बटाटे घेतले, आणि दुपारी परत येऊन काठावर गाडी उभी केली. समोर, पाण्यापलीकडे, सैल कोटातला माझा माणूस दिसत होता. त्याने हात वर केला. मी हात वर केला नाही. हॉर्न दाबला.

तो खाली बसला. माझा जीव तुटला. बराच वेळ नुसतं पाणी वाहत होतं. मी देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा दाबला. कठड्याला धरून तो उठला, आणि दोर ताणला गेला. फेरी निघाली. इतकी हळू ती कधीच आली नव्हती.

काठाला लागली तेव्हा त्याचा सदरा घामाने चिंब झाला होता. ओठ निळसर पडले होते. मी खिडकी खाली केली.

"कसं वाटतंय?"

त्याने बाहीने तोंड पुसलं.

"वाईट," तो म्हणाला. "फार वाईट वाटतंय, स्टेफा."

आमच्या संसारात हे तो पहिल्यांदा म्हणाला होता. मी गाडी फेरीवर चढवली. त्याने मागची साखळी लावली, पुढची लावली, आणि मग पुढचीच ओढून ओढून पुन्हा पाहिली.