डाव्या हाताचे शब्द

रिव्हरबरेटेड.

झेंडूचे हार, प्रत्येक मशीनला एक.

व्हर्टिब्रेट. म्हणजे पाठीचा कणा असलेला प्राणी.

लवंगेचं तेल, हळद, मनगटाला घट्ट फडकं.

वॉटरक्रेस. ही भाजी नागपुरात कुठंच मिळत नाही.

बेरार. म्हणजे आपलं वऱ्हाड. हा मात्र अख्खाच्या अख्खा सापडला!

रुपराव मास्तर उसनी डिक्शनरी मांडीवर घेऊन सकाळपासून ओसरीत बसले होते आणि डोकं पिकवून घेत होते. सीताबर्डीवर बापूजींचा इंग्रजी टायपिंगचा क्लास होता, मास्तर तिथे शिकवत. टाइपरायटरवर काही अक्षरं डाव्या हाताची, काही उजव्याची. मास्तरांचा उजवा हात मनगटात मोडला होता. पारशिवनीच्या वैदूनं बांधला, हाड जुळलं, पण बोटं काही वळेनात. क्लासात त्यांनी 'लचकलाय' म्हणून दिवस ढकलले. शिकवायला तोंड पुरत होतं.

दसऱ्याला पुरणार नव्हतं.

दसऱ्याला क्लासात मशीनची पूजा होई. मग मास्तरांनी टाइप करून दाखवायचं, तेही न बघता. कळांवर आणि हातांवर बापूजी पंचा टाकत. मजकूर मास्तरांच्या मर्जीचा. तो कागद पालकांच्या हातून फिरे आणि त्यावर पोरांचे प्रवेश ठरत. ज्याला हे जमत नाही असा मास्तर बापूजी कशाला ठेवतील?

म्हणून हा खटाटोप. नुसत्या डाव्या हातानं उमटतील असे शब्द, आणि तेही लांबलचक. आखूड शब्दांनी कागद दरिद्री दिसतो. लांब शब्दांनी दोन्ही हात चालल्यासारखा सलग आवाज येतो.

पण ती भाषा जणू वैर धरून बसली होती. सेक्रेटरिएट! रोजच्या पाहण्यातला शब्द. एस, ई, सी, आर, ई, टी, ए, आर... आणि मध्येच आय. एका आयनं सगळा घात केला. गव्हर्नमेंट गेलं. नागपूर गेलं. 'डिअर' जमला, 'सर' अडला. रिग्रेटेड पुरता डाव्या हाताचा. पण खेद झाला कुणाला, ते सांगायला 'मी' पाहिजे, आणि इंग्रजीतला मी एकटाच उजवीकडे जाऊन बसलेला.

मास्तरांनी डिक्शनरी धाडकन मिटली.

"अवो, पुस्तकावर काहून राग काढून राहिले?" आतून गोपिकाबाई म्हणाल्या. "जेवाले चला."

"तू थांब वं जराशी."

"माह्या नावातलं किती येते तुमच्या डाव्या हाताले?"

मास्तरांनी मनात बोटं फिरवली. "जी आन् ए. बाकी सारं उजवं."

"मंग कोरडी भाकर खा. भाजी उजव्या हातानं केली आहे."

मास्तरांना हसू आलं नाही.

दसऱ्याच्या दिवशी हार चढले, कुंकू लागलं, पंचा पडला. मास्तरांनी उजवा हात कळांवर नुसता ठेवला आणि डावा सोडला. काय पळाला तो! एक्झॅजरेटेड वॉटरक्रेस रिव्हरबरेटेड आफ्टरवर्ड्स. ओळीमागून ओळ, अर्थाच्या नावानं शून्य, पण एक चूक नाही.

"वा रे इंग्रजी!" कुणीतरी म्हणालं.

बापूजींनी कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्म्यावरून मास्तरांकडे पाहिलं आणि कागद पालकांच्या हाती दिला. मास्तरांना वाटलं, निभावलं.

तेवढ्यात कळमेश्वरचे नानाजी पुढे सरकले. पोराला क्लासात घालायला आले होते. "मास्तर, हे आपल्याले समजत नाही गा. माह्या पोराचं नाव काढून द्या. घरी भिंतीवर लावतो."

"काय नाव?"

"पुंडलिक."

त्यात एक डी तेवढा डावा.

मास्तर डाव्या हातानं पलीकडे चाचपू लागले. पंचा हलला.

टक्.

बराच वेळ काही नाही.

टक्.

"आत्ता तर घोडा दौडत होता," नानाजी म्हणाले. "आता काहून बसला?"

पोरं खिदळली. टक्. टक्. कागद वर आला. त्यावर पुंडलिक नव्हता, भलताच कुणीतरी होता.

बापूजींनी पंचा उचलला. डावा हात उजव्याला ओलांडून पार पलीकडे गेला होता. उजवा ठेवला तिथेच होता.

"हात कधीपासून असा आहे?"

"लय दिवस झाले."

"मले काहून नाही सांगितलं, रुपराव?"

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं?"

बापूजी दाराकडे वळले. जुन्या विद्यार्थ्यांपैकी देवराव दाराशी उभा होता, त्याला म्हणाले, "तू बस गा." देवराव ओशाळला, मास्तरांकडे पाहत उभा राहिला. बापूजींनी पुन्हा सांगितलं, तेव्हा बसला. पुंडलिक एका दमात उमटला. नानाजींनी कागद घडी न घालता नेला.

"उद्यापासून वर्ग देवराव घेईल," बापूजी हळू आवाजात म्हणाले आणि आपट्याची पानं मास्तरांच्या डाव्या हातात ठेवली.

मास्तर रस्त्यावर आले. लोक एकमेकांना सोनं देत होते. आणि भर गर्दीत, आपोआप, तो आला. स्टुअर्डेसेस. लांब, देखणा, पहिल्यापासून शेवटपर्यंत डाव्या हाताचा. एवढी डिक्शनरी उलथीपालथी केली तेव्हा कुठं मेला होता हा? मास्तरांनी हातातली पानं चुरगाळली. तर त्याच्यामागे आणखी एक आला. रीअसर्टेड. मग आणखी एक. घरापर्यंत येतच राहिले.

हात मोडला तो ज्येष्ठात, क्लासचं नवं मशीन टांग्यातून उतरवताना. ते घसरलं, आणि खाली आपटू नये म्हणून रुपरावांनी हात मध्ये घातला.