पृथ्वीच्या धड्याची अंडी

नेस्टाने सुरी फडक्याला पुसली, उकडलेलं अंडं पाटीवर धरलं आणि वर्गाला विचारलं,

"वरचं हे टरफल. पृथ्वीचं टरफल कोणतं?"

"भूकवच!" पाचवीचा वर्ग ओरडला.

"त्याच्या आत?"

"प्रावरण! मग गाभा!"

"बाई," पुढच्या बाकावरची रूबी म्हणाली, "पृथ्वी कापून बघितली कुणी?"

"कुणी नाही. भूकंपाचे हादरे आतून कसे येतात, त्यावरून ओळखतात."

मागे राजधानी होनिआराहून आलेले तपासनीस टोपीने वारा घेत बसले होते. शेजारी हेडमास्तर क्लेमेंट हात बांधून उभे होते. केस खोबरेलाने चप्प बसवलेले आणि चेहऱ्यावर रविवारी चर्चमध्ये असतं तेच हसू. नेस्टाला आज त्या हसण्याची शिसारी येत होती, कारण ही चार अंडी त्यांच्याच घरातून आली होती.

सावो बेटावरची रानकोंबडी अंडी उबवत बसत नाही. किनाऱ्याच्या गरम वाळूत खोल पुरते आणि निघून जाते. खालच्या ज्वालामुखीची धग पुढचं बघून घेते. प्रत्येक घराचं त्या वाळूत आपलं कुंपण आहे, आणि रोज सकाळी आतली वाळू उकरून मिळतील ती अंडी बाजारात जातात. अलीकडे अंडी फार कमी होत चालली, म्हणून ईस्टरनंतर गावाने टोकाकडचा पट्टा बंद केला. तिथे कुणी हात लावायचा नाही, तिथली पिलं वर येऊ द्यायची. समितीचे प्रमुख क्लेमेंट. "पट्टा खुला होईपर्यंत माझ्या घरात अंडं शिजणार नाही," असं त्यांनी चर्चमध्ये उभं राहून जाहीर केलं होतं, आणि बायकांनी डोळे पुसले होते.

मग बंद पट्ट्यात उकरलेले खड्डे सापडले. हेस्रोनला तिथे फिरताना आपण स्वतः पाहिलं, असं क्लेमेंटनी सांगितलं. हेस्रोन नेस्टाचा धाकटा भाऊ. आज दुपारी गाव त्यासाठीच बसणार होतं. चोरी त्याच्यावर शाबीत झाली, की बापापासून चालत आलेलं त्याचं कुंपण जाणार होतं, आणि त्या कुंपणाशिवाय त्याच्या घरात दुसरं काही नव्हतं.

नेस्टाने क्लेमेंटवर विश्वास ठेवला होता. हेस्रोन लहानपणी लोकांचे नारळ पाडायचा, वर साळसूदपणे हसायचा. तिला भावाची किळस वाटू लागली होती. भावजयीने केळीच्या पानात पाठवलेलं कसाव्याचं पुडिंग तिने न चाखता डुकराला घातलं होतं. धड्याला अंडी हवीत असं पुस्तकात होतं. भावाच्या कुंपणातलं अंडं तर तिला वर्गात नको होतं, म्हणून ती काल हेडमास्तरांच्या घरी पाळलेल्या कोंबडीची अंडी मागायला गेली. क्लेमेंट तपासनिसांच्या बोटीची वाट बघत धक्क्यावर होते. त्यांच्या बायकोने, आग्नेसने, क्षणभर तिच्याकडे टक लावून पाहिलं, मग खाटेखाली वाकून चार अंडी काढली. रानकोंबडीची.

"ही ने," ती म्हणाली.

म्हणजे स्वारी चोरून विकत घेऊन खाते तर, एवढंच नेस्टाच्या मनात आलं. देवासमोर शपथ घ्यायची आणि खाटेखाली अंडी ठेवायची! तिने ती घरी नेऊन उकडली.

आता तिने सुरी दाबली. नेहमीच्या अंड्यात ती लोण्यात शिरावी तशी शिरते. इथे ती मध्येच अडली. नेस्टाने जोर केला, अंडं दुभंगलं, आणि पाटीवरून गढूळ पाणी ओघळलं. आत बलक नव्हता. ओल्या काळपट पिसांचा गोळा होता, त्यात मिटलेला डोळा आणि पोटाशी दुमडलेले लांब पाय. नखंसुद्धा फुटलेली. वास वर्गभर पसरला.

"शी! काय हे!" तपासनीस रुमाल नाकाला लावून खिडकीकडे धावले आणि बाहेर थुंकले.

पोरांना त्या पिलाचं काहीच वाटलं नाही. ती सगळी वाळू उकरणाऱ्यांच्या घरची. ती गप्प झाली ती वेगळ्याच कारणाने. रूबीने पाटीजवळ येऊन नीट पाहिलं.

"बाई, हे कुणाच्या कुंपणातलं नाही."

"कशावरून?"

"आम्ही रोज उकरतो ना! पिसं फुटेपर्यंत अंडं खाली राहतंय कुठलं?"

इतके दिवस न उकरलेली वाळू सबंध बेटावर एकाच ठिकाणी होती. ते वर्गातल्या शेवटच्या पोरालाही ठाऊक होतं. दोघातिघांनी मान वळवून नेस्टाकडे पाहिलं, चोराची बहीण म्हणून.

"निघतं एखादं नासकं," क्लेमेंट पुढे येत म्हणाले. त्यांचं हसू अजून जागेवर होतं. "फेकून द्या ते. बाई, फळ्यावर आकृती काढा."

नेस्टाने त्यांच्याकडे पाहिलं. खोबरेलाचा एक ओघळ कानामागून कॉलरमध्ये उतरत होता. तिने दुसरं अंडं उचललं.

"एखादंच नासकं आहे का बघू, सर."

दुसऱ्यात चोच निघाली. तिसऱ्यात पंख.

"बाई, पुरे! साहेबांना मळमळतंय."

"मलाही मळमळतंय, सर," नेस्टा म्हणाली. चौथं अंडं तिने कापलं नाही. फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलं आणि फळ्यावर पृथ्वी काढली. गाभा रंगवताना खडू दोनदा मोडला.

दुपारी गाव मोठ्या झाडाखाली बसलं. गावप्रमुख म्हाताऱ्या जोनासने गाठ मारलेली झावळी आणली होती. ती कुंपणावर बांधली, की त्या कुंपणात मालकालाही पाय टाकता येत नाही. हेस्रोन मान खाली घालून मातीत काडीने रेघा ओढत होता. नेस्टाने पिशवीतून अंडं काढलं, दगडावर ठेवून सर्वांसमोर कापलं आणि ते कुठल्या घरातून आलं ते सांगितलं.

क्लेमेंट जराही अडखळले नाहीत.

"मी बोटीची वाट बघत धक्क्यावर होतो. आग्नेस भोळी आहे, तिला काय कळतंय? हेस्रोन दारात विकायला आला असेल, तिने घेतली असतील."

लोक कुजबुजले. हेही खरं असू शकत होतं. दोघांनी मान डोलावलीसुद्धा, आणि जोनासने झावळी हातात घेतली. मग बायकांच्या घोळक्यातून आग्नेस उठली.

"हो, मला काय कळतंय!" ती म्हणाली. आवाज अगदी साधा, भाव विचारावा तसा. "पहाटे हे टोकाकडून येतात. पायांना तिथली पिवळी माती, नखांत बसलेली. ती मी काडीने काढते. मग अंडी फोडायची, पिसं काढायची, तळून वाढायची. ह्यांना अशीच आवडतात, पिसं फुटलेली. हाताचा वास साबणाने जात नाही. मी ओकते आणि पुन्हा चुलीशी बसते."

"बायकांचं काही ऐकू नका," क्लेमेंट हसून म्हणाले.

कुणी हसलं नाही. जोनासने बूड झटकलं, हेस्रोनकडे पाहिलं नाही, क्लेमेंटकडेही नाही. झावळी खांद्यावर टाकून तो क्लेमेंटच्या कुंपणाच्या वाटेने चालू लागला, आणि चार माणसं त्याच्यामागे उठली. आग्नेस तिथेच उभी राहून पोलक्याला हात पुसत होती, पुन्हा पुन्हा.

नेस्टाने सुरी पिशवीत टाकली. हेस्रोन तिच्याजवळ येऊन उभा राहिला. आता हा नाचेल, तोरा मिरवेल, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "धड्याला अंडी हवी होती, तर माझ्याकडे का नाही आलीस?"