राणीच्या मानेखालचे साल

मित्रांनो, मी एक जुने सोन्याचे नाणे आहे, हे सांगूनही तुम्हाला पटायचे नाही. माझ्या अर्ध्या अंगावर समुद्रातल्या चुन्याचे आणि लोखंडाच्या गंजाचे जाड पुट आहे. माझ्यावर कोरलेला राणीचा चेहरा तेवढा चकाकतो. तिच्या मानेखाली कोरलेले माझ्या जन्माचे साल पुटाखाली दडले आहे.

सिडनीच्या टाकसाळीत जन्मले तेव्हा मी कसे लखलखत होते! पुढे बॅलरटच्या सोन्याच्या खाणींवर पोहोचले. तिथे ऑनोरा नावाची आयरिश तरुणी खाणकामगारांचे कपडे धुवायची. तिने मला आणि माझ्या भावंडांना आपल्या घागऱ्याच्या कमरपट्टीत शिवून टाकले. मायदेशी जाऊन आईला इकडे घेऊन यायचे, हा तिचा एकच ध्यास. रोज ती मला बोटांनी चाचपून बघे. माझा रुबाब काय वर्णावा!

मग मायदेशी निघालेले आमचे जहाज व्हिक्टोरिया प्रांताच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. कापडाआड मला काही दिसेना. आरडाओरडा ऐकू आला, तिची बोटे कमरपट्टीवर जाणवली, आणि मी घागऱ्यासकट पाण्यात बुडाले. मला फार राग आला. इतके जिवापाड जपले आणि क्षणात टाकून दिले! तो राग उराशी धरून मी शंभराहून अधिक वर्षे तळाशी पडून राहिले.

शेवटी क्लाइव्ह या शेवंडे म्हणजे लॉबस्टर पकडणाऱ्या कोळ्याला मी एकटेच सापडले. त्याने रीतसर सरकारला कळवले आणि परवानगीने मला ठेवून घेतले. सिडनीच्या टाकसाळीची सोन्याची नाणी जमवायचा त्याला भारी नाद. लाकडी तबकात प्रत्येक सालाला एक खण होता. पहिल्या सालाचा तेवढा रिकामा. ते साल माझ्या पुटाखाली असेल का, या विचारात तो म्हातारा झाला. आता त्याची नजर झपाट्याने अधू होत होती. बघायचे तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही.

"आम्लात बुडव आणि मोकळा हो," त्याचा मित्र ऑसी म्हणाला. "बायको घरात आणलीस, पण नाव विचारायला विसरलास, अशी तुझी गत!"

स्वयंपाकघरातच वाडगा मांडला गेला. मी आत पडले, बुडबुडे उठले, पुट विरघळू लागले. क्लाइव्हची बायको मर्ल चहा घेऊन आली आणि वाकून बघू लागली. विरघळत्या पुटातून मला चिकटलेली कापडाची चिंधी डोकावत होती.

"थांब! आधी बाहेर काढ ते." क्लाइव्हने मला चिमट्याने उचलले. "हे टाके बघ, क्लाइव्ह. आणि हा हूक. बाईच्या घागऱ्याच्या कमरपट्टीचा आहे."

"बुडाली असेल बिचारी," क्लाइव्ह पुटपुटला.

"बुडाली कशावरून? हूक वाकलेला नाही, त्याच्याजवळचं कापड फाटलेलं नाही. तिनं स्वतः सोडलाय. अशी सोन्याची नाणी कमरेला बांधून कुणाला पोहता येतं का? जीव वाचवायला उतरवला तिनं घागरा."

मी ऐकतच राहिले. म्हणजे तिने मला टाकले नव्हते! मला सोडल्याशिवाय तिला जगताच आले नसते.

"अजून थोडा वेळ आम्लात ठेव रे, साल दिसेल," ऑसी म्हणाला.

"साल दिसेल, पण टाके जातील." क्लाइव्हने मला साध्या पाण्यात धरले. "राहू दे."

"ठार वेडा आहेस! मग तो खण रिकामाच राहणार."

"रिकामा कशाला?" असे म्हणून क्लाइव्हने मला त्याच खणात ठेवले.

ऑनोरा किनाऱ्याला लागली का, हे कुणालाच ठाऊक नाही. पण ती लागली असेल, असे मला आता मनापासून वाटते. माझा राग केव्हाच विरघळला.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली की लगेच घासायला घेऊ नका. आधी नीट न्याहाळा. तिच्यावर कुणाच्या तरी हाताची खूण राहिलेली असेल. माझे साल मला माहीत आहे, पण क्लाइव्ह आता ते विचारत नाही. त्याला फारसे दिसतही नाही. रोज सकाळी तो तबक उघडतो आणि मला बोटांनी चाचपून बघतो, अगदी ऑनोरा बघायची तसाच.