हातचं घ्यायचं नाही

गुरुवारी दुपारी लिस्बेटने आईला कुशीवर वळवलं, पाठ पुसली, चादर बदलली. अकरा वर्षं ती हेच करत होती. तिचं लग्न झालं नाही, शेत भावाकडे गेलं आणि अर्धांगवायूने आडवी झालेली आई तिच्या वाट्याला आली. कॅनडातल्या मॅनिटोबामधल्या आमच्या त्या गावात बायका मुलींना सांगत, "सेवा शिकायची तर लिस्बेटकडे बघा." ते ऐकलं की तिची मान ताठ व्हायची. तिच्या जगण्याला तेवढाच काय तो अर्थ होता.

मागच्या दाराशी बुटांवरचा बर्फ झटकल्याचा आवाज आला आणि आईचा चेहरा उजळला.

"माझी ग्रेते आली."

"आणि मी कोण? भिंतीतली खुंटी?" लिस्बेट पुटपुटली.

ग्रेते म्हणजे धाकटी बहीण मार्गारेता वीस वर्षांपूर्वी एल्डरचा, म्हणजे आमच्या चर्चच्या प्रमुखाचा, हुकूम मोडून शहरात नर्सिंग शिकायला गेली. चर्चच्या मंडळीपुढे गुडघे टेकून माफी मागायला तिने नकार दिला, म्हणून तिला वाळीत टाकलं. तिच्याशी बोलायला बंदी नव्हती. पण तिच्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, तिच्या हातून काही घ्यायचं नाही. आईच्या पाठीवर पडून पडून झालेल्या जखमेसाठी ती मलमाची डबी टेबलावर ठेवून हात मागे घ्यायची, मग लिस्बेट ती उचलायची. जखम धुणं हे देण्यात मोडतं की नाही, यावर कुणी निकाल दिला नव्हता. म्हणून तेवढं चालून जायचं.

त्या दिवशी लिस्बेट गोठ्यातून परतली तेव्हा मार्गारेता आईला चमच्याने कोबीचं सूप भरवत होती. वाटी जवळजवळ रिकामी झाली होती.

"सकाळी माझ्या हातचा घास थुंकून टाकलास ना, आई?"

मार्गारेता म्हणाली, "तिला भूक लागली होती, ताई. भुकेल्या माणसाला नियम सांगत बसू?"

रविवारी प्रार्थना संपल्यावर लिस्बेट एल्डर पेटकाव यांच्यासमोर उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. सांगताना आपण धर्माचंच काम करतो आहोत, असं तिला खरोखर वाटत होतं.

सोमवारी एल्डरनी निरोप धाडला : मार्गारेताने त्या घराची पायरी चढायची नाही.

पहिला आठवडा लिस्बेट फार उत्साहात होती; जखमही आता तीच धुवायची. मलम तेच, कापडही तेच. पण मेलेली कातडी कापून काढण्याची जी हातोटी मार्गारेताकडे होती, ती तिच्याकडे नव्हती. जखम काळी पडली, खोलीला वास येऊ लागला. आईने तोंड भिंतीकडे केलं. भाऊ कॉर्नेलियस दाराशीच घुटमळला. "दवाखान्यात मार्गारेताच आहे; तिथे न्यायचं म्हणजे तिच्याच हाती द्यायचं. एल्डरबाबांना विचारायला हवं."

"मग विचार ना!"

"विचारलं. ते म्हणाले, प्रार्थना करा."

अठराव्या दिवशी सकाळी लिस्बेट दुधाच्या गाडीत बसून शहरात गेली. मार्गारेताने दार उघडलं, पण 'आत ये' म्हणाली नाही.

"चुगली कोणी केली, हे सांगायला आलीस?"

"मीच केली."

"का गं?"

"तुझी पावलं वाजली की ती हसते. अकरा वर्षांत माझ्यासाठी एकदाही हसली नाही."

मार्गारेता चौकटीला टेकली. "माझ्यासमोर ती पाहुणीसारखी वागते, ताई. चिडते ती तुझ्यावर, रडते ती तुझ्याजवळ. मलाही तुझा हेवा वाटायचा. तुझा दाखला लेकींना देतात. माझं नाव निघालं की दारं लावतात."

लिस्बेट खाली बघत म्हणाली, "पाठ सडत चालली आहे. चल."

मार्गारेताने पिशवी भरली. गाडीत चढताना तिने ती पुढे केली आणि सवयीने परत खाली ठेवू लागली. लिस्बेटने तिच्या हातातून ती ओढून घेतली. गाडीवाला आमच्याच मंडळीतला. तो पाहत होता.

उशीर झाला होता. विष रक्तात भिनलं होतं. नऊ दिवसांनी आई गेली, दोन्ही मुली उशापायथ्याशी असताना. शेवटच्या दुपारी ती कोणाकडे पाहून हसली, ते दोघींनाही कळलं नाही.

पुढच्या रविवारी एल्डरनी लिस्बेटला सर्वांसमोर उभं केलं. "वाळीत टाकलेल्या बाईच्या हातून घेतलंस. गुडघे टेक आणि चूक कबूल कर."

"चूक कबूल आहे," ती म्हणाली. "बहिणीचा मत्सर केला आणि त्याला धर्माचं नाव दिलं. ती चूक देवाजवळ कबूल करीन. पण एल्डरबाबा, माझ्या मत्सराला तुमचा नियम आयता सापडला. तो नसता तर मी फार तर दोन दिवस फुगून बसले असते. माझी आई मेली नसती."

तिने गुडघे टेकले नाहीत. समोरच्या बाकांवर बसलेल्यांत मीही होते, आणि इतरांसारखी मीही गप्प राहिले.

लिस्बेटलाही वाळीत टाकलं. आता दोघी बहिणी शहरात एकत्र राहतात आणि गावोगाव अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करतात. आमच्या गावातूनही मागच्या दाराने बोलावणं येतं. बोलावणारे आधी मार्गारेताचंच नाव घेतात आणि लिस्बेटला अजूनही तसाच हेवा वाटतो. हे तिनेच मला सांगितलं. सांगताना ती एका परक्या म्हातारीचे पाय धूत होती. पाणी निवत चाललं होतं, म्हणून बोलणं तिथेच टाकून ती कामाला लागली.