चंदाच्या लग्नातला एक टोला

मी एक जुनी काशाची थाळी आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. अंगावर चार ओरखडे आहेत, हे खरं. पण माझा आवाज ऐकलात तर स्टीलच्या ताटांकडे ढुंकून पाहणार नाही. थोडी फुशारकी मारते आहे. माझ्यासारखं काम केलं असतं, तर तुम्हीही मारली असती.

कासाराने तांबं नि कथील वितळवून, ठोकून ठोकून मला घडवलं. मग मी रिसोडला पूनमचंद शेठच्या भांड्यांच्या दुकानात आले. गिऱ्हाईक आलं की शेठ मला तीन बोटांवर तोलत, टिचकी मारत आणि म्हणत, "डोळ्यानं नका पाहू, कानानं पाहा." रिठदच्या रुखमाबाईच्या वडिलांनी कानाने पाहिलं आणि लेकीच्या आंदणात मला दिलं.

रुखमाबाईला आधी विनोद झाला, मग चंदा. चंदाला जन्मापासून दिसत नव्हतं. खेळायला गेली की कुणीतरी तिचं बखोट धरून तिला घरी आणून सोडायचं, आणि त्याचा तिला भारी राग यायचा. म्हणून रुखमाबाईने युक्ती काढली. ती दारात उभी राहायची, मला तीन बोटांवर धरायची आणि लाटण्याने काठावर एकच टोला द्यायची. माझ्या आवाजाच्या रोखाने चंदा गल्लीतून एकटी, सरळ, ताठ मानेने घरी यायची. तिला वाट मी दाखवली, मित्रांनो! एखाद्या ताटाला जमलंय का हे?

पुढे चंदा हातात काठी घेऊन वाशीमला शिकायला गेली, आणि मी ज्वारीच्या कोठीवरचं झाकण झाले. आठ वर्षं झाकण! त्या दिवसांबद्दल मी फार बोलत नाही.

यंदा चंदाचं लग्न ठरलं. मुलगा अनसिंगचा, अंबादास. हार घालताना मामी नवरीचा हात धरेल, असं बायकांनी परस्पर ठरवून टाकलं. चंदाने साफ सांगितलं, "हार मी माह्या हातानं घालीन. कोनी माह्या हाताले धराचं नाई."

"मंग तालीम करा लागते," तिची आत्या बेबीताई म्हणाली. "नाटकाची होते, त लग्नाची काहून नाई?"

लग्नाच्या दोन दिवस आधी अंगणात तालीम सुरू झाली. बेबीताईने दोन पाट मांडले आणि पाटांभोवती खडूच्या रेघा ओढल्या. नवरदेवाच्या जागी विनोद उभा राहिला. अंबादासला फेटा असणार, म्हणून विनोदच्या डोक्याला दुपट्टा गुंडाळला. अंतरपाट म्हणून चादर, आणि हार म्हणून बैलाचं दावं. डीजेवाला बबलूही आपले खोके घेऊन हजर होता.

चादर खाली आली. बेबीताई ओरडली, "घाल!" पण त्याच क्षणी बबलूने सवयीने गाणं लावलं. चंदा दावं धरून तशीच उभी.

"बबल्या, हार पडल्याबिगर तुहा डबा वाजला त याद राख!" बेबीताई कडाडली.

दुसऱ्या खेपेला गाणं बंद होतं. पण बेबीताईची हाक बाजूने आली, चंदा त्या बाजूला वळली आणि दावं विनोदच्या एका कानाला लटकलं. सगळे हसले. चंदा हसली नाही.

"मामीनं हात धरला त काय बिघडते वं?" विनोद कान चोळत म्हणाला.

"मले पुन्हा कोनी आनून सोडल्यासारखं होते, दादा. लग्न माहं हाय, मीच जाईन." मग ती थांबली. "आई, आपली थाळी कुठी हाय?"

रुखमाबाईने मला कोठीवरून उतरवलं, पदराने पुसलं आणि ती विनोदच्या मागे जाऊन उभी राहिली. चादर खाली आली. लाटण्याचा टोला पडला. आठ वर्षांनी मी वाजले! चंदाने एक पाऊल टाकलं, हात उंच केले, आणि दावं दुपट्ट्यावरून बरोबर गळ्यात पडलं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा बरोबर.

पण बेबीताईचा चेहरा उतरला. "रुखमा, अक्षदा पडताना नवरीच्या मायनं मांडवात राहाचं नसते. तू त आत तुळशीपाशी राहशीन."

मग विनोदने पाटावरूनच मला हातात घेतलं आणि झांजेसारखं बडवलं. चंदा दचकली. दावं त्याच्या खांद्यावर पडलं.

"हा आईचा टोला नोहे," ती म्हणाली.

बारा वेळा करून पाहिलं. सात वेळा जमलं, पाच वेळा चुकलं. "जमते, जमते," असं म्हणत बेबीताईने तालीम आटोपली. माझं मन मात्र धास्तावलेलं होतं.

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च भरला. मी नवरदेवाच्या मागे, विनोदच्या बोटांवर. त्या बोटांना इतका घाम सुटला होता की मी घसरू लागले. अंतरपाटाअलीकडे चंदा उभी होती. तिचा कान घराच्या दाराकडे लागलेला बेबीताईने पाहिला. शेवटचं मंगलाष्टक सुरू होणार, तोच बेबीताई तडक घरात शिरली. दार उघडंच होतं, मला सगळं दिसलं. तिने रुखमाबाईच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"तुळशीले पानी मी घालतो. तू जाय."

"पन ताई, रीत..."

"रीतीचं मी पाहून घेतो. तुही पोरगी वाट पाहून राह्यली."

रुखमाबाई पदर सावरत धावत आली. तिची तीन बोटं माझ्या पोटाला लागली आणि मी स्थिर झाले. शेवटचं 'सावधान' झालं. बबलू हात बांधून उभा. अंतरपाट सरकला.

टोला पडला.

तो ऐकताच चंदाचा चेहरा उजळला. एक पाऊल, हात उंच, आणि हार फेट्याला न अडकता अंबादासच्या गळ्यात! कुणी धरलं नाही, कुणी ढकललं नाही. टाळ्या सुरू व्हायच्या आधी ती हळूच म्हणाली, "आई, तू हायेस!" लेकीचा हार पडताना कोणत्याच आईला दिसत नाही म्हणतात. रुखमाबाईने तो पाहिला, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं. ते मी अजून मिरवते.

पाठवणीच्या वेळी रुखमाबाईने मला चंदाच्या सासूच्या हातात दिलं. "काठावर मारजा, मधात नाई. जोरानं बी नाई," एवढंच तिला बोलता आलं.

आता मी अनसिंगला दाराजवळ टांगलेली असते. संध्याकाळी चंदा घरी यायच्या वेळी सासूबाई मला बोटांवर घेतात. पहिल्या दिवशी त्यांनी असा टोला हाणला की गल्लीतली कुत्री भुंकली आणि लांबून चंदा हसली. रोज थोडा हात बसतो आहे. त्यांचीही तालीम चालू आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुठे माझी बहीण झाकण होऊन बसली असेल, तर तिला उतरवा, पुसा, आणि एक टोला द्या. फक्त जपून. काशाला एकदा तडा गेला की आवाज परत येत नाही, आणि त्या आवाजावर कुणीतरी घरी येत असतं.